पहिली धार सोडून

पोर्ट एलनच्या धक्क्यावरून पूर्वेला समुद्राच्या कडेकडेने निघालं की पाच-सहा किलोमीटरच्या आत व्हिस्कीच्या तीन डिस्टिलरी लागतात. आधी लाफ्रॉइग, मग लागावूलिन, शेवटी आर्डबेग. तिन्हींच्या भिंती पांढऱ्या, आणि समुद्राकडच्या भिंतीवर बोटीतून वाचता येईल एवढ्या मोठ्या काळ्या अक्षरांत नाव. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या या बेटाचं स्पेलिंग कसंही असो, म्हणायचं आयला. वारा तोच, पाऊस तोच, जळणारा पीट, म्हणजे दलदलीतून कापलेलं इंधन, जवळपास तोच. तरी तीन ग्लास नाकाखाली धरले तर कधी न प्यायलेला माणूसही तीन वेगळे सांगेल.

हा फरक पैसे टाकून उभा करता येईल, असं पीटर मॅकींना वाटलं होतं. मॅकी म्हणजे लागावूलिनचे मालक, ‘व्हाइट हॉर्स’ व्हिस्कीवाले. लाफ्रॉइगचा माल विकायची एजन्सी वर्षानुवर्षं त्यांच्या पेढीकडे होती. १९०७ मध्ये ती गेली. कोर्टात हरले, तेव्हा माणसं पाठवून लाफ्रॉइगच्या पाण्याच्या वाटेत दगड टाकले. तेही कोर्टाने काढायला लावले. मग १९०८ मध्ये त्यांनी लागावूलिनच्या आवारातच ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी बांधली. लाफ्रॉइगसारखीच नासपतीच्या आकाराची तांब्याची भांडी, तसाच पीट. तिथला एक जाणता माणूसही फोडून आणला असं सांगतात. व्हिस्की निघाली, चांगली निघाली. लाफ्रॉइग काही निघाली नाही.

नक्कल अडली कुठे, हे डोक्यात ठेवून पीटच्या रानापासून पिंपापर्यंतची वाट क्रमाने पाहिली. उत्तर दोन ठिकाणी मिळतं: धान्य ओलं असताना भट्टीत, आणि धार बदलायच्या चावीपाशी. मधले टप्पे चुकले तर माल बिघडतो, पण ते नीट केल्याने कुणी लाफ्रॉइग होत नाही.

सुरुवात रानातून. पीट म्हणजे अर्धवट कुजलेली वनस्पती. पाणथळ, आम्लधर्मी, हवा न पोचणाऱ्या जमिनीत शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं मरतात पण पुरती कुजत नाहीत, आणि थरावर थर बसत जातो. वेग वर्षाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खणलं की हाताला लागतं ते अंबरनाथचं देऊळ उभं राहत होतं त्या सुमाराचं शेवाळ. आयला वाऱ्याचं बेट, झाडं कमी. त्यामुळे इथल्या पीटमध्ये लाकूड जवळपास नाही, शेवाळच फार. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या पीटमध्ये लाकडाचा अंश जास्त, म्हणून त्याचा धूर शेकोटीसारखा. आयलाचा धूर दवाखान्यासारखा: डांबर, टिंक्चर, जुन्या फिनाईलची बाटली. लोक याला ‘समुद्राचा वास’, ‘आयोडीन’ म्हणतात. खरं काम फिनॉल आणि क्रेसॉल या गटाचं आहे, आणि ते धुरातून येतात, लाटांतून नाही.

लाफ्रॉइग स्वतःच्या भट्टीसाठी ग्लेनमाक्रीच्या रानातला हाताने कापलेला पीट वापरते. काम वसंतात सुरू होतं. आधी रुंद पात्याच्या फावड्याने वरची गवताची साल काढायची आणि बाजूला जपून ठेवायची, कारण काम झाल्यावर ती खड्ड्याच्या तळाशी परत अंथरायची असते. नाहीतर रान उघडं पडून वाळतं आणि वाऱ्यावर उडून जातं. मग लांब दांड्याचं, पात्याला काटकोनात दुसरं पातं असलेलं हत्यार थरात दाबायचं. एका दाबात दोन बाजू कापल्या जातात आणि हातभर लांबीची वीट सुटून येते. ताजी वीट हाताला गार खव्यासारखी लागते. तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कापणारा एक आणि उचलून पसरणारा एक अशी जोडी असली तर लय बसते. एकट्याने केलं तर निम्मा वेळ वाकण्या-उठण्यात जातो.

विटा दोन-तीन आठवडे आडव्या, मग चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या. वाऱ्याने वाळतात, उन्हाची वाट इथे कुणी बघत नाही. एकदा वरची कातडी धरली की पुढचा पाऊस फारसा आत शिरत नाही. चूक होते ती वाळवण्याच्या दोन टोकांना. कच्ची वीट पेटत नाही, नुसती वाफ सोडते. ठणठणीत वाळलेली वीट ज्वाळा धरते: उष्णता भरपूर, धूर थोडा. यंत्राने दाबून काढलेल्या पीटचा हाच दोष आहे. तो घट्ट असतो, लवकर आणि गरम जळतो. हाताने कापलेला ओलसर राहतो आणि धुमसतो. थराचाही फरक पडतो. वरचा तपकिरी, मुळ्यांचा पीट धुराचा. खालचा काळा, घट्ट पीट आचेचा. चुलीजवळ वाढलेल्याला हे समजवावं लागत नाही: ओलसर गोवरी घर धुराने भरते, वाळलेली भाकरी भाजते.

आता धान्य. बार्लीला आपल्याकडे जव म्हणतात. तिला मोड आणायचे, मोड योग्य जागी थांबवायचे आणि वाळवायचं, म्हणजे माल्ट. नाचणीचं सत्व करणाऱ्या घरात ही क्रिया शेकडो वर्षं चालू आहे: नाचणी भिजवा, फडक्यात बांधा, मोड आले की वाळवा, दळा. कारणही तेच. मोड येताना दाण्यात विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि पिष्टाचं साखरेत रूपांतर सोपं होतं. फरक प्रमाणाचा. इथे एका वेळी ७ टन.

कोठारातल्या बार्लीत १२ टक्के ओलावा असतो. टाकीत ती दोन दिवस भिजते, पण सलग नाही. पाणी भरायचं, काढायचं, दाण्याला हवा खाऊ द्यायची, पुन्हा भरायचं. असे तीन फेरे झाले की ओलावा ४५ टक्क्यांवर येतो. सलग बुडवून ठेवली तर दाणा गुदमरतो. मटकी पाण्यातच विसरली तर मोड येण्याऐवजी वास येतो, तोच प्रकार. पाणी किलब्राइडच्या ओढ्याचं, पीटच्या जमिनीतून येतं म्हणून कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्याच्यामुळे व्हिस्की धुरकट होते हा समज मात्र सोडून द्यावा. पाण्यातला पीट जळलेला नसतो, आणि फिनॉल येतं ते धुरातून.

भिजलेली बार्ली दगडी जमिनीवर १५-२० सेंटिमीटर जाडीत अंथरतात. पाच ते सात दिवस ती तिथेच. मोड येताना दाणा गरम होतो, म्हणून दर आठेक तासांनी थर उलथावा लागतो: लाकडी फावड्याने उचलून मागे भिरकवायचा किंवा दंताळं ओढत न्यायचं. आता विजेवर चालणारं यंत्रही असतं, पण कोपरे आणि भिंतीकडेचा पट्टा हातानेच करावा लागतो, आणि दुखणी तिथूनच येतात. जुन्या कामगारांचा एक खांदा कायमचा उतरलेला असे. त्या दुखण्याला ‘मंकी शोल्डर’ म्हणत. तापमान खिडक्यांनी सांभाळायचं. वारा वायव्येचा आहे की नैर्ऋत्येचा, त्यावर कुठल्या बाजूच्या किती उघडायच्या ते ठरतं. रात्री हवा अचानक बदलली तर पहाटे थराचा मधला भाग तापलेला सापडतो. उलथायला उशीर झाला की मुळ्या एकमेकींत गुंततात आणि थराचा गालिचा होतो. तो फाडून काढताना दाणे चिरडतात, चिरडलेल्या दाण्याला बुरशी धरते.

थांबायचं कधी? कोंब सालीच्या आत दाण्याच्या लांबीच्या सुमारे तीन चतुर्थांश गेला की. सगळ्यात जुनी परीक्षा अजून चालते: दाणा बोटात धरून भिंतीवर घासायचा. खडूसारखी रेघ उठली की तयार. चिकट गोळी झाली तर अजून वेळ आहे. कोंब सालीबाहेर डोकावला तर उशीर झाला. पुढे ज्यातून अल्कोहोल व्हायचं ते पिष्ट कोंबाने खाल्लेलं असतं.

या हाताच्या माल्टवर लाफ्रॉइगची सगळी गरज भागत नाही. साधारण १५ ते २० टक्के भागते. उरलेलं माल्ट पोर्ट एलनच्या मोठ्या माल्टिंग कारखान्यातून येतं, १९७३ पासून बेटाला पुरवठा करणाऱ्या. दोन्ही मिसळून पुढे जातं. पाचवा हिस्सा हाताने करून काय मिळतं, असा हिशेब दर काही वर्षांनी कुणीतरी मांडतच असेल. माझ्या मते मिळतं, आणि ते पुढच्या खोलीत मिळतं.

भट्टीची खोली दोन मजली. वर जाळीची जमीन, तिच्यावर हिरवं माल्ट; खाली पीटची आग; माथ्यावर पॅगोडासारखं धुराडं. हे धुराडं चार्ल्स डॉइग या वास्तुविशारदाने काढलं, पहिल्यांदा १८८९ मध्ये डेल्युएन डिस्टिलरीवर, आणि पुढे ते स्कॉच व्हिस्कीचं चिन्हच झालं.

बऱ्याच ठिकाणी धूर आणि गरम हवा एकत्र सोडतात. लाफ्रॉइगच्या भट्टीत क्रम वेगळा: आधी नुसता धूर, १५-१७ तास, थंड म्हणावा असा, त्यानंतर पीट बंद करून जवळपास तितकाच वेळ कोरडी गरम हवा. कारण साधं आहे. धुरातले फिनॉल दाण्याच्या ओल्या सालीवर बसतात. साल ओली असेपर्यंतच बसतात. दाण्यातला ओलावा पंचवीस-तीस टक्क्यांच्या खाली गेला की मग कितीही पीट जाळा, धूर धुराड्यातून आकाशात. म्हणजे धुराची मात्रा पीटच्या वजनाने ठरत नाही, दाणा किती वेळ ओला ठेवला यावर ठरते. आच वाढली की साल लवकर वाळते आणि दार बंद होतं.

म्हणून भट्टीवाल्याचं सगळं लक्ष ज्वाळा उठू न देण्यावर. आग धरली की वरून पीटचा ओलसर भुगा टाकून दाबायची. दार थोडं उघडं, थोडं बंद. हे डोळ्यांपेक्षा कानाने कळतं: धुमसणारा पीट जवळजवळ गप्प असतो, तडतड ऐकू आली की फावडं उचलायचं. वर जाळीवर उभं राहिलं तर पायाखाली ऊब, अंगाभोवती निळसर धूर, आणि हाताला माल्ट अजून दमट. हात खुपसून मुठीत दाबायचं. मुठीत गोळा राहत असेल तर धूर चालू ठेवायला हरकत नाही. वास कपड्यांत शिरतो तो दोन धुण्यांत जात नाही.

घाईत इथे दुहेरी नुकसान होतं. ओल्या दाण्याला एकदम आच दिली तर धूर कमी बसतोच, वर दाण्यातली विकरंही मरतात. ती कोरडेपणी बरीच उष्णता सोसतात, ओली असताना नाही. मग पुढच्या टाकीत साखर उतरत नाही आणि खापर फुटतं यीस्टवर. धूर झाल्यावर गरम हवेने ओलावा ४-५ टक्क्यांवर आणायचा. त्याहून जास्त राहिला तर माल्ट नरम पडतं आणि दळताना फुटण्याऐवजी चपटं होतं.

इथेच तो आकडा जन्माला येतो ज्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात: पीपीएम, दशलक्ष भागांत फिनॉलचे भाग. लाफ्रॉइगचं स्वतःचं माल्ट ४० ते ६०, लागावूलिनचं ३५ च्या आसपास, आर्डबेगचं ५५. ब्रुकलाडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर या व्हिस्कीने एकदा ३०९ गाठला. पण हा आकडा माल्टचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. बाटलीत पोचेपर्यंत त्यातला मोठा भाग चोथ्यात, उकळलेल्या पाण्यात आणि पिंपात राहून जातो. ४५ पीपीएमच्या माल्टची व्हिस्की दहा-बारावर आली तरी नवल नाही. कॅल इला ही बेटावरची आणखी एक डिस्टिलरी आणि लागावूलिन एकाच प्रकारचं माल्ट वापरतात. एक हलकी, राखेसारखी कोरडी. दुसरी जड, गोडसर. आकडा बघून बाटली निवडणं म्हणजे तिखटाचा डबा किती मोठा आहे ते बघून रस्सा कसा झाला ते सांगणं.

दळण, भिजवणी आणि आंबवणी भराभर सांगतो. माल्टमधून मुळ्या आणि खडे आधी काढायचे. खडा गिरणीत गेला तर ठिणगी पडते, आणि माल्टची धूळ स्फोटक असते. दळणाचं प्रमाण: टरफल २०, भरड ७०, पीठ १०. पीठ वाढलं तर टाकीच्या तळाशी लापशी होऊन पाणी उतरत नाही. टरफल हीच गाळणी असते. लाफ्रॉइगची टाकी एका वेळी साडेपाच टन भरडीची. पहिलं पाणी माल्टवर पडल्यावर मिश्रण ६४ अंशांच्या आसपास राहावं लागतं. सत्तरच्या पुढे गेलं की विकरं मेली, साठच्या खाली राहिलं की साखर आळसावते. दुसरं पाणी जास्त गरम, तिसरं त्याहून. तिसऱ्यात साखर थोडी म्हणून ते पुढच्या भरडीचं पहिलं पाणी म्हणून वापरतात. चोथा बेटावरच्या गाईंना जातो. गोड पाणी गार करून यीस्ट घालायचं. पंचावन्नेक तासांत ८-८.५ टक्के अल्कोहोलची, धुरकट, आंबूस बिअर होते. आंबवणी अर्धवट तोडली तर फळांचा वास येत नाही, धान्याचा कच्चा वास राहतो. इथे काम संयमाचं. अवघड नाही.

मग तांब्याची भांडी. लाफ्रॉइगमध्ये ती सात: तीन पहिल्या गाळपाची, प्रत्येकी सुमारे १०,४०० लिटर, चार दुसऱ्या गाळपाची, त्यातली तीन साधारण ४,७०० लिटरची आणि एक दुपटीचं. हे दुपटीचं भांडं सत्तरच्या दशकात आलं. भांडं मोठं म्हणजे वाफेचा आणि तांब्याचा संबंध वेगळा, म्हणून चारही भांड्यांचा माल एका टाकीत मिसळूनच पिंपात जातो; नाहीतर एकाच आठवड्याची पिंपं दोन स्वभावांची झाली असती. १९२३ मध्ये लाफ्रॉइगच्या घराण्यातल्या इयन हंटर यांनी डिस्टिलरी वाढवली तेव्हा नवी भांडी जुन्यांच्या बरहुकूम घडवून घेतली. मॅकींनीही तसाच आकार नकलला होता, आणि तो पुरला नाही.

पहिल्या गाळपात बिअर उकळून २२ टक्क्यांच्या आसपासचा पातळ अर्क निघतो. गोव्यात काजूच्या भट्टीवर उराक निघते आणि ती पुन्हा गाळली की फेणी होते. इथेही तसंच दुपेडी काम. धोका फेसाचा. बिअरमध्ये यीस्ट आणि साखरेचे अवशेष असतात, ते दुधासारखे उतू येतात. भांड्याच्या मानेला काचेची खिडकी असते, फेस तिथपर्यंत चढला की वाफेची चावी कमी करायची. लक्ष चुकलं तर फेस नळीतून पुढे जातो. तळाशी उरतं ते गरम पाणचट द्रव. अशाच द्रवाच्या टाकीत पडून १८४७ मध्ये डोनाल्ड जॉन्स्टन वारले. त्यांनी आणि भाऊ अलेक्झांडर यांनी १८१५ मध्ये लाफ्रॉइग सुरू केली होती.

दुसरं गाळप हा खरा खेळ. समोर पितळी चौकटीची कुलूपबंद काचपेटी, आत दोन वाट्या, तरंगता काटा आणि थर्मामीटर. कर चुकवता येऊ नये म्हणून ही पेटी एकोणिसाव्या शतकात आली. माल हाताने चाखता येत नाही, नाकाजवळ नेता येत नाही. बाहेरून दांडी फिरवून धार या टाकीत सोडायची की त्या, एवढंच हातात.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटलं की मिशीवर ताव. इथे पहिली धार पिण्याजोगी धरत नाहीत. तिच्यात लवकर उडणारे, नाकाला झोंबणारे पदार्थ असतात, शिवाय आधीच्या गाळपाचं नळीला चिकटलेलं तेल. धार स्वच्छ झाली का ते पाणी घालून बघतात: पेटीतल्या वाटीत अर्क आणि पाणी मिसळलं की तो ताकासारखा पांढुरका होतो, तेल धुऊन गेलं की निवळ राहतो. बहुतेक डिस्टिलरी दहा ते तीस मिनिटांत चावी फिरवतात. लाफ्रॉइग ४५ मिनिटं थांबते.

ही पंचेचाळीस मिनिटं नुसत्या सफाईची नाहीत. दुसऱ्या गाळपात गोष्टी क्रमाने येतात. आधी फळांचे, गोड, हलके वास; मग मधला भाग; आणि धुराचे जड फिनॉल मागाहून, अल्कोहोल उतरत जाईल तसे वाढत. जी डिस्टिलरी धार लवकर धरते तिला नासपती, केळं मिळतं. लाफ्रॉइग तो गोडवा सोडून देते. साधारण ७२ टक्क्यांवर धार धरते आणि ६० च्या आसपास तोडते. म्हणून तिच्या कोऱ्या अर्कात गोडी कमी, डांबर जास्त. तोडायला उशीर केला, नुसते दोन टक्के खाली जाऊ दिलं, तर धुरामागोमाग जळकं रबर, ओलं कातडं, घामट सदरा असे वास येतात, आणि ते पिंपात दहा वर्षांतही जात नाहीत. लवकर तोडलं तर धूर टाकीबाहेर राहिला. भट्टीत पंधरा-सतरा तास जपून बसवलेलं सगळं इथे दहा मिनिटांत हरवता येतं.

आचही तितकीच. वाफ जोरात सोडली की जड पदार्थ वेळेआधी चढतात आणि टक्क्यांचा काटा बरोबर दिसत असूनही माल बिघडतो. पेटीतली धार पेन्सिलीएवढी, सलग, आवाज न करता पडत असेल तर ठीक. आपटून उडायला लागली की चावीकडे जावं. पहिली आणि शेवटची धार फेकत नाहीत. पुढच्या घाण्यात मिसळतात. त्यामुळे धूर एका गाळपातून दुसऱ्यात जात राहतो. एखाद्या डिस्टिलरीला पीटचं काम थांबवून साध्या माल्टवर यायचं असेल तर पहिले काही घाणे धुरकट येणारच, आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर साधा माल वाया.

मॅकींकडे भांडं होतं, पीट होता. ‘इथे चावी फिरवायची’ हा क्षण सवयीत असतो, आणि ती सवय त्यांच्या माणसांची लागावूलिनची होती. हा माझा तर्क. पण दोन्ही जागी धारेजवळ उभं राहिल्यावर तो सोडवत नाही. लागावूलिनमध्ये दुसरं गाळप मुद्दाम संथ असतं, आणि त्याच बेटाचा धूर तिथे मऊ होऊन उतरतो.

अर्क पाणी घालून ६३.५ टक्क्यांवर आणतात आणि पिंपात भरतात. लाफ्रॉइगची पिंपं बहुतेक अमेरिकन बर्बन व्हिस्कीची, एकदा वापरलेली, २०० लिटरच्या आतबाहेर. त्यांतला व्हॅनिला धुराला टेकू देतो. २००४ मध्ये त्यांनी सुमारे १२५ लिटरच्या छोट्या पिंपांत काही माल शेवटी मुरवायला सुरुवात केली, ‘क्वार्टर कास्क’ या नावाने. पिंप लहान म्हणजे लिटरमागे लाकूड जास्त, रंग-गोडी लवकर. समुद्राला लागून असलेल्या गोदामाची भिंत भरतीला भिजते, त्याने व्हिस्की खारट होते असं वाटाडे सांगतात. ऐकायला छान आहे.

वयाबरोबर धूर उतरतो. दहा वर्षांची लाफ्रॉइग अंगावर येते. तिशीतली फळांकडे झुकते, धूर मागच्या खोलीत बसतो. म्हणजे पीटच्या व्हिस्कीत जुनी ती जास्त धुरकट, हा समज उलटा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडतं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्की मुरते तिथे हे प्रमाण सात-आठ टक्क्यांच्या घरात जातं. तेही स्कॉटलंडहून पीट आणून भारतीय बार्लीला धुरी देतात. तिथल्या उन्हात दहा वर्षं थांबण्यात अर्थ नाही, पाच-सहांत लाकूड आपलं काम उरकतं. त्यामुळे धूर शिल्लक असतानाच बाटली भरली जाते. त्यांची ‘बोल्ड’ प्यायल्यावर आयलाची आठवण येते, पण मागे मध आणि उन्हाळा असतो.

हा दवाखान्याचा वास एकदा धंद्याच्या कामीही आला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. हंटर यांनी तिथल्या कस्टमवाल्यांना बाटली हुंगायला दिली आणि हे औषध आहे म्हणून पटवलं, अशी कथा आहे. औषधी म्हणून माल गेला हे मात्र खरं. त्यांच्यानंतरची कारकीर्द आणखी विलक्षण. १९३४ च्या उन्हाळ्यात बेसी विल्यमसन या ग्लासगोच्या पदवीधर तात्पुरत्या टंकलेखिका म्हणून आल्या. हंटर आजारी पडले तसा कारभार त्यांच्याकडे गेला. महायुद्धात लष्कराने जागा घेतली तेव्हा ती त्यांनीच सांभाळली. १९५४ मध्ये हंटर वारले आणि डिस्टिलरी बेसींच्या नावे करून गेले. १९७२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. घराणं संपलं, मालक पुढे कितीदा बदलले. आता ती जपानच्या सनटोरीची आहे. पंचेचाळीस मिनिटं तशीच आहेत.

पिताना एक करून पाहावं. आधी चमचाभर पाणी घालून हुंगावं, मग थोडं आणखी. टक्केवारी उतरली की धूर पसरतो आणि त्याच्या मागचा खारट गोडवा, ओल्या दोराचा वास पुढे येतो. बर्फाने हे सगळं मिटतं. ग्लास रिकामा करून तसाच ठेवावा. सकाळी त्यात राख आणि भिजलेलं गवत उरलेलं असतं, भट्टीच्या जाळीवर होतं ते.

माल्ट मिल १९६२ मध्ये बंद पडली. मॅकी १९२४ मध्येच गेले होते. तिची दोन भांडी लागावूलिनच्या भांड्यांशेजारी आणून ठेवली, १९६९ पर्यंत ती वापरात होती. इमारत आजही उभी आहे. लागावूलिनला येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत तिथे होतं, आणि तिथे ग्लासात ओततात ती लागावूलिनच.